पाच अंमलांचा हेरप्रमुख

परकी सत्ता उठून जाते तेव्हा नव्या राज्यकर्त्यांच्या पदरी काय काय पडते, याची मोजदाद इतिहासकारांनी पुष्कळ केली आहे. खजिना, सैन्य, रेल्वे, न्यायालये, तुरुंग, महसुलाची दप्तरे यांचा हिशेब कागदोपत्री सापडतो. एक खाते मात्र या मोजदादीत बहुधा निसटते, कारण ते सरकारी अंदाजपत्रकात आपल्या खऱ्या कामासह क्वचितच नोंदलेले असते आणि ज्यांनी ते चालवले त्यांनी त्याविषयी मौन पाळण्याची शपथ घेतलेली असते. ते खाते म्हणजे हेरखाते. काल ज्या खात्याने आपल्यावर पाळत ठेवली, आपल्या सोबत्यांना पकडले, फितवले, प्रसंगी मारले, त्याचे आज आपण धनी झालो असता करायचे काय, हा प्रश्न स्वतंत्र झालेल्या प्रत्येक देशाला पहिल्या आठवड्यातच पडतो. हिंदुस्थानात 1947 साली इंटेलिजन्स ब्यूरोचा इंग्रज संचालक नॉर्मन स्मिथ निघून गेला आणि नाजूक कागद आधीच नष्ट झाल्यामुळे संजीवी पिल्ले यांना जवळजवळ रित्या दप्तरावर बसून कारभाराला आरंभ करावा लागला. घानाच्या एन्क्रुमाने नवे खाते उभारण्यासाठी पंडित नेहरूंकडे मदत मागितली आणि रामनाथ काव यांनी आक्राला जाऊन त्याची पायाभरणी केली. या दोहोंहून वेगळी अशी तिसरी वाट 1980 साली झिंबाब्वेने धरली. ज्या माणसाने सोळा-सतरा वर्षे स्वातंत्र्यसैनिकांविरुद्ध गुप्त युद्ध चालवले होते, त्यालाच नव्या पंतप्रधानाने त्याच पदावर कायम केले. त्या माणसाचे नाव केन फ्लॉवर. त्याचे चरित्र हे एका माणसाचे चरित्र तर आहेच, परंतु सत्तांतर झाले म्हणजे राज्याचा स्वभाव कितपत पालटतो, या प्रश्नाचा एवढा उघड दाखला आफ्रिकेच्या अलीकडच्या इतिहासात मला दुसरा आढळला नाही.

फ्लॉवरचा जन्म 1914 सालचा, इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला असलेल्या कॉर्नवॉल परगण्यातला. 1937 साली तो दक्षिण ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, आला आणि ब्रिटिश साउथ आफ्रिका पोलीस या दलात दाखल झाला. कंपनी सरकारचा अंमल भोगलेल्या मराठी वाचकाला या दलाच्या नावाचा अर्थ सांगावा लागणार नाही. सेसिल ऱ्होड्स याच्या व्यापारी कंपनीने 1889 साली आपला मुलूख जिंकण्यासाठी आणि राखण्यासाठी ते उभारले होते. 1923 मध्ये कंपनीचा अंमल संपून गोऱ्या वसाहतवाल्यांना स्वराज्य मिळाले, तरी दलाचे नाव 1980 पर्यंत बदलले नाही. मूठभर गोऱ्यांनी, 1930 च्या भूमिवाटप कायद्यान्वये, देशाची जवळजवळ निम्मी आणि त्यातही उत्तम जमीन आपल्या नावे करून घेतली होती. आफ्रिकी रयतेला राखीव मुलखात कोंबले होते. या व्यवस्थेचा पहारा करणे हेच त्या दलाचे मूळ कर्तव्य होते. फ्लॉवर या पहाऱ्यात पायरी पायरीने वर चढला आणि 1960 नंतरच्या वर्षांत उपायुक्ताच्या हुद्द्यापर्यंत पोचला. त्याची सारी घडण पोलिसाची होती. शिस्त, नोंदवही, वरिष्ठाचा हुकूम आणि त्या हुकुमाची तामिली या चौकटीत त्याचे आयुष्य गेले होते, आणि पुढे जे घडले ते समजून घ्यायचे तर ही घडण नजरेआड करून चालणार नाही.

दक्षिण ऱ्होडेशिया, उत्तर ऱ्होडेशिया आणि न्यासालँड या तीन मुलखांचे 1953 साली उभे केलेले संघराज्य 1963 च्या डिसेंबरअखेर मोडले. उत्तर ऱ्होडेशियाचे झांबिया झाले, न्यासालँडचे मलावी झाले, आणि दोन्ही ठिकाणी आफ्रिकी बहुमताचे राज्य आले. दक्षिणेतल्या गोऱ्यांचा तसल्या भवितव्याला कडवा विरोध होता. संघराज्याचे गुप्तवार्ता खाते त्याबरोबरच बरखास्त झाल्यामुळे पंतप्रधान विन्स्टन फील्ड याला स्वतःच्या अशा खात्याची गरज पडली आणि त्याने सेंट्रल इंटेलिजन्स ऑर्गनायझेशन या नव्या खात्याची उभारणी फ्लॉवरकडे सोपवली. रचना सुटसुटीत होती. पोलिसांची स्पेशल ब्रँच देशांतर्गत बातमी काढी, दुसरी शाखा परदेशांतली बातमी काढी, सैन्याकडून येणारी खबर तिसऱ्या वाटेने येई, आणि या सर्वांचा सारांश प्रमुखाच्या टेबलावरून थेट पंतप्रधानाकडे जाई. मध्ये कोणी मंत्री नाही, संसदेची समिती नाही, न्यायाधीश नाही. जे खाते एकाच माणसाच्या कानाशी बोलते ते त्या माणसाचे मन घडवू शकते, तसेच त्याच्या दुष्कृत्यांचे हत्यारही बनू शकते. फ्लॉवरच्या कारकिर्दीत या दोन्ही गोष्टी घडल्या.

खात्याच्या पाठीशी कायदा होता, आणि तो कायदा कसा होता हे सांगणे अवश्य आहे. 1960 साली, आफ्रिकी वस्त्यांत दंगे उसळल्यावर, कायदा व सुव्यवस्था राखण्याचा म्हणून एक कायदा राजधानी साल्सबरीच्या (आजच्या हरारेच्या) विधिमंडळाने संमत केला. त्याने सभाबंदी, झडती, अटक आणि शिक्षा यांचे एवढे अमर्याद अधिकार सरकारला दिले, की संघराज्याचा सरन्यायाधीश सर रॉबर्ट ट्रेडगोल्ड याने त्याच्या निषेधार्थ आपल्या पदाचा राजीनामा दिला. ट्रेडगोल्ड हा त्याच मातीत जन्मलेला गोरा मनुष्य, मिशनरी घराण्याचा वंशज. आपल्याच समाजाचा रोष ओढवून घेऊन त्याने सरन्यायाधीशाची खुर्ची सोडली, यावरून एक गोष्ट निर्विवाद ठरते: काय चालले आहे हे त्या काळच्या सुबुद्ध गोऱ्यांना कळत होते, आणि नकार देण्याचा मार्ग त्यांना खुला होता.

दुसरा नकार सैन्यातून आला. 1964 च्या एप्रिलात फील्डला दूर सारून इयान स्मिथ पंतप्रधान झाला आणि ब्रिटनची संमती नसताना एकतर्फी स्वातंत्र्य पुकारण्याच्या मसलती सुरू झाल्या. सैन्याचा प्रमुख मेजर जनरल जॉन अँडरसन याने राणीशी घेतलेल्या शपथेचा भंग करणार नाही असे स्पष्ट सांगितले, तेव्हा त्याला त्याच वर्षी घरी बसवण्यात आले. फ्लॉवरचे मत अँडरसनहून फारसे वेगळे नव्हते. एकतर्फी स्वातंत्र्याचे परिणाम देशाला घातक होतील, व्यापार कोंडला जाईल, मित्र दुरावतील, असा अभिप्राय त्याने स्मिथपुढे ठेवला होता. स्मिथने तो बाजूला सारला. 11 नोव्हेंबर 1965 रोजी, पहिल्या महायुद्धाच्या शस्त्रसंधीच्या स्मृतिदिनी, सकाळी अकराच्या सुमारास, राणीच्या तसबिरीखाली बसून स्मिथ आणि त्याच्या मंत्र्यांनी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. त्याआधी सहा दिवस देशात आणीबाणी पुकारली गेली होती. गव्हर्नर सर हम्फ्री गिब्स याने राणीच्या वतीने सरकार बडतर्फ केले. सरकारने त्याचे बडतर्फीचे फर्मान मानले नाही, त्याच्या वाड्याचा टेलिफोन तोडला, आणि तो वृद्ध शेतकरी आपल्या वाड्यात जवळजवळ नजरकैदेत असल्यासारखा 1969 पर्यंत बसून राहिला.

या पेचात फ्लॉवरने काय करावे? त्याची शपथ राणीची होती, पगार स्मिथच्या तिजोरीतून येत होता. गिब्सने बंडाला साहाय्य होईल असे काही करू नये असे प्रजेला बजावताना सुव्यवस्था राखण्याचे आपले नित्य काम चालू ठेवावे, असेही सांगितले होते. या वाक्याच्या आधाराने शेकडो अधिकारी जागेवर राहिले. फ्लॉवरही राहिला. गव्हर्नराशी त्याने संबंध तोडले नाहीत, लंडनमधल्या जुन्या ओळखी तोडल्या नाहीत, आणि बंडखोर पंतप्रधानाचा उजवा हातही सोडला नाही. अधिकारावर जे सरकार असेल त्याची इमानाने चाकरी करावी, हे त्याचे तत्त्व होते. सनदी नोकराच्या तोंडी हे तत्त्व शोभते, लोकशाहीत तर ते आवश्यकच असते. परंतु सरकारच जेव्हा प्रजेच्या विसांतल्या एकोणीस जणांच्या संमतीवाचून उभे असते, आणि नोकराच्या हाती फायलीऐवजी जीवनमृत्यूचे साधन असते, तेव्हा हेच तत्त्व विवेकाला निजवण्याचे औषध होते. ट्रेडगोल्ड आणि अँडरसन यांच्या शेजारी फ्लॉवरला उभे केले म्हणजे त्याच्या चरित्रातला पहिला निर्णायक क्षण दिसतो.

त्याच्या श्रेयाची बाजू मात्र प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. हेरप्रमुखाचा सर्वांत मोठा दुर्गुण म्हणजे धन्याला गोड वाटेल तेच सांगणे, आणि तो दुर्गुण फ्लॉवरमध्ये नव्हता. 1966 च्या एप्रिलात सिनोईयाजवळ सात गनिमी सैनिक पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले, तेव्हा साल्सबरीत आनंद झाला. 1972 च्या डिसेंबरात ईशान्येकडच्या आल्टेना मळ्यावर हल्ला झाला आणि खरे युद्ध पेटले. गनीम खेड्यापाड्यांत मिसळला, झॅनू या मुक्तिपक्षाचे सैनिक मोझांबिकमधून आणि झापू या दुसऱ्या मुक्तिपक्षाचे झांबियातून येऊ लागले. तेव्हापासून फ्लॉवर आपल्या सरकारला लेखी बजावत आला की हे युद्ध शस्त्राने जिंकता येणारे नाही, काळ आपल्या विरुद्ध आहे, आज तडजोड केली तर अटी आपल्या हाती राहतील, उद्या राहणार नाहीत. स्मिथने वर्षामागून वर्ष ही सूचना डावलली. आपल्या सल्ल्याचा असा अव्हेर होत असताना तो अधिकारी रोज रात्री डायरी लिहीत होता, आणि पहाटे पुन्हा त्याच युद्धाची यंत्रे फिरवायला कचेरीत जात होता.

ज्यांच्याशी हे युद्ध होते त्यांतला एक कैदी झॅनूचा पुढारी रॉबर्ट मुगाबे. 1963 च्या अखेरीस त्याला पकडले आणि तो अकरा वर्षे तुरुंगांतून आणि छावण्यांतून फिरला. तेथे बसून त्याने टपालाने अभ्यास करून पदव्या मिळवल्या. 1966 च्या डिसेंबरात त्याचा एकुलता एक मुलगा, अवघा तीन वर्षांचा, आक्रा शहरी हिवतापाने दगावला. आई घानाची, मूल तिच्यापाशी, बाप साल्सबरीच्या कोठडीत. अंत्यविधीला जाण्याची परवानगी बापाने मागितली, आणि ती नाकारण्यात आली. राज्याच्या सुरक्षिततेला त्या तीन-चार दिवसांत काय धोका पोचला असता हे मला आजही कळत नाही. मुगाबेच्या पुढच्या क्रौर्याचे समर्थन या दुःखाने होत नाही आणि करूही नये. परंतु त्या नकाराची नोंद त्याच्याविषयीच्या प्रत्येक प्रामाणिक चरित्रात असलीच पाहिजे.

1974 च्या एप्रिलात लिस्बनमध्ये लष्कराने क्रांती केली आणि ऱ्होडेशियाची पूर्वेची भिंत कोसळली. 25 जून 1975 रोजी पोर्तुगालची वसाहत असलेले मोझांबिक फ्रेलिमो या मुक्तिसंघटनेच्या हाती स्वतंत्र झाले, आणि हजारबाराशे किलोमीटरची सीमा गनिमाला मोकळी झाली. फ्लॉवरने याची चिन्हे आधीच ओळखली होती. पोर्तुगीज राज्यकर्त्यांना भेटून, आफ्रिकी माणसांच्याच टोळ्या करून त्या फ्रेलिमोवर सोडाव्यात अशी मसलत त्याने पूर्वीपासून चालवली होती. पोर्तुगीजांचा अंमल उठल्यावर त्याने ती स्वतःच अंमलात आणली. ऱ्होडेशियाच्या भूमीवरून ‘मुक्त आफ्रिकेचा आवाज’ या अर्थाचे पोर्तुगीज नाव धारण करणारे नभोवाणी केंद्र 1976 मध्ये बोलू लागले. फ्रेलिमोच्या छावणीतून निसटलेला आंद्रे मात्सांगाइसा हा तरुण पुढारी म्हणून हाताशी लागला. शस्त्रे, पैसा, शिक्षक, विमाने ऱ्होडेशियाची होती. उद्देश एवढाच की मोझांबिकमधल्या गनिमी छावण्यांची खबर यावी आणि फ्रेलिमोच्या सरकारला घरातच गुंतवून ठेवावे. ही संघटना पुढे रेनामो या नावाने जगाला माहीत झाली. 1979 च्या ऑक्टोबरात मात्सांगाइसा गोरोंगोझाच्या डोंगराळ मुलखात मारला गेला आणि अफोंसो ढ्लाकामा त्याच्या जागी आला. ऱ्होडेशिया संपता संपता ही सारी टोळी दक्षिण आफ्रिकेच्या लष्करी हेरखात्याने आपल्याकडे नेली. आपण निर्माण केलेला राक्षस आपल्या आवाक्याबाहेर गेला की काय, अशी धास्ती फ्लॉवरने नंतर आपल्या आठवणींत बोलून दाखवली आहे. ती धास्ती खरी ठरली.

आता ज्या प्रकरणाविषयी लिहिताना लेखणी अडखळते, त्याकडे वळले पाहिजे. आपल्या कौटिल्याने अर्थशास्त्राचे चौदावे अधिकरण विषप्रयोगांसारख्या गुप्त उपायांना वाहिले आहे, त्यामुळे राज्यकारभारात विष ही गोष्ट आपल्याला अश्रुतपूर्व नाही. परंतु ऱ्होडेशियात जे झाले ते शत्रूच्या राजाला किंवा सेनापतीला मारण्यासाठी केलेले कारस्थान नव्हते. गावोगावची पोरे, बहुतेक सोळा ते वीस वयाची, शाळा सोडून सीमेपलीकडे गनिमांत भरती व्हायला निघत. त्यांना मदत करणारा म्हणून खात्याचाच माणूस भेटे आणि नवे कपडे देई. कापसातंबाखूच्या पिकावर फवारायचे पॅराथिऑन हे कीटकनाशक पातळ करून त्या कपड्यांवर चढवलेले असे. ते उन्हात वाळवून, घडी घालून, पुन्हा नव्यासारखे बांधलेले असत. पॅराथिऑन ज्या वर्गातले द्रव्य आहे त्या वर्गातल्या औषधांची फवारणी अंगावर आल्याने विदर्भातले शेतकरी कसे तडफडून गेले, हे 2017 साली यवतमाळने पाहिले आहे. घाम येईल तिथून, काखेतून, जांघेतून ते कातडीत शिरते, माणसाला घेरी येते, लाळ गळते, अंग कापते, श्वास कोंडतो. ही पोरे वाटेतच, रानात, सीमेच्या अलीकडे पलीकडे मरून पडत, आणि भरती करून पाठवणाऱ्या माणसावर त्यांच्याच सोबत्यांचा संशय जाई, हाही हेतूच होता. डबाबंद अन्नातही थॅलियम घातले जाई. हे काम सेलू स्काउट्स या पथकाच्या बिंडुरा येथील ठाण्यात होई, विद्यापीठातला शरीरशास्त्राचा एक अध्यापक त्यात सल्लागार होता, आणि त्यावर अंतिम जबाबदारी फ्लॉवरच्या खात्याची होती. विषारी कपड्यांचा प्रकार घडला ही गोष्ट फ्लॉवरने नंतर आपल्या ग्रंथात कबूल केली. कबुली दिली म्हणून अपराध हलका होत नाही. युद्ध जिंकता येणार नाही हे ज्याने स्वतः लिहून दिले होते, त्यानेच हे होऊ दिले, म्हणून तो अधिकच जड होतो.

1975 च्या मार्चमध्ये लुसाकात झॅनूचा अध्यक्ष हर्बर्ट चिटेपो आपल्या घरासमोर मोटारीखालच्या बाँबने ठार झाला. झांबिया सरकारने नेमलेल्या आयोगाने त्याचा दोष पक्षातल्या अंतर्गत भांडणांवर ठेवला, आणि त्या आधारावर झॅनूचे किती तरी पुढारी व सैनिक तुरुंगात गेले. पुढे ऱ्होडेशियाच्या बाजूच्या माणसांनीच लिहून ठेवले की तो बाँब साल्सबरीच्या हस्तकांनी ठेवला होता. एका खुनाने दोन कामे साधली: पुढारी गेला, आणि मागे राहिलेले एकमेकांकडे खुनी म्हणून पाहू लागले.

एवढे करूनही युद्ध हरलेच. 1979 मध्ये बिशप एबेल मुझोरेवा याला पंतप्रधान करून स्मिथने शेवटचा डाव टाकला, तो जगाने मानला नाही. लंडनच्या लँकेस्टर हाउसमध्ये सप्टेंबर ते डिसेंबर वाटाघाटी चालल्या. फ्लॉवर मुझोरेवाच्या शिष्टमंडळाबरोबर तेथे होता. ब्रिटिश गव्हर्नर लॉर्ड सोम्स साल्सबरीत आला आणि काही महिने फ्लॉवर त्याचा हेरप्रमुख झाला. 1980 च्या फेब्रुवारीत मुगाबेच्या जिवावर हल्ले झाले. एकदा फोर्ट व्हिक्टोरियाच्या विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर मोरीखाली ठेवलेली स्फोटके त्याच्या गाड्यांचा ताफा जाताना उडाली, आणि तो थोडक्यात वाचला. 4 मार्च रोजी निकाल लागला. आफ्रिकी मतदारसंघांच्या ऐंशी जागांपैकी सत्तावन्न मुगाबेला, वीस झापूच्या जोशुआ एन्कोमोला, तीन मुझोरेवाला. कचेऱ्यांच्या आवारात कागद जळू लागले, पेट्या भरून दक्षिण आफ्रिकेकडे जाऊ लागल्या. त्या संध्याकाळी मुगाबेने नभोवाणीवरून वैर विसरण्याचे आवाहन केले, ते भाषण ऐकून पेट्या बांधून बसलेल्या गोऱ्यांनी दोऱ्या सोडल्या.

मग नव्या पंतप्रधानाने फ्लॉवरला बोलावले. या भेटीचे वर्णन फ्लॉवरनेच केले आहे. आपल्या खात्याने मुगाबेला मारण्याचे जे प्रयत्न केले त्यांचा तपशील सांगून टाकावा, म्हणून त्याने आरंभ केला. मुगाबे हसला. ते प्रयत्न फसले, नाहीतर आपण दोघे आज येथे समोरासमोर बसलो नसतो, अशा अर्थाचे त्याने सांगितले आणि विषय संपवला. फ्लॉवरला पदावर राहण्यास सांगितले. क्षमाशीलतेचा हा प्रसंग म्हणून त्याची पुष्कळ वाहवा झाली, आणि त्या मार्चमध्ये देश रक्तपातावाचून पार पडला यात या हास्याचा वाटा नाही असे मी म्हणणार नाही. परंतु ज्याला खरोखर क्षमा करायची आहे त्याने आधी ऐकून घ्यायला हवे होते. सीमेवरच्या रानात मेलेल्या पोरांची नावे त्या दिवशी कोणी विचारली नाहीत. हिशेब मागितला गेला नाही, कारण हिशेब देणारे यंत्र नव्या धन्यालाही जसेच्या तसे हवे होते. 18 एप्रिलच्या मध्यरात्री रुफारो मैदानावर युनियन जॅक उतरला, इंदिरा गांधी त्या समारंभास उपस्थित होत्या, आणि त्याच दिवशी पोलिसांच्या, तुरुंगांच्या आणि हेरखात्याच्या किल्ल्या कुलूप न बदलता हस्तांतरित झाल्या.

खात्यावर मंत्री म्हणून एमर्सन म्नांगाग्वा आला. रेल्वेचे इंजिन उडवल्याच्या आरोपावरून त्याने तरुणपणी दहा वर्षांची शिक्षा भोगली होती, आणि फाशीतून तो केवळ वयाच्या सबबीवर सुटला होता. काल ज्यांनी त्याला कोठडीत जबाब द्यायला लावले तेच खाते आज त्याला सकाळी टपाल घेऊन भेटू लागले. फ्लॉवर 1981 पर्यंत या व्यवस्थेत राहिला. तो मुगाबेशी बेइमान झाला असा पुरावा नाही. परंतु त्याच्या हाताखालच्या सर्वांविषयी तसे म्हणता येत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषविरोधी लढ्याचा पुढारी जो ग्काबी 1981 च्या जुलैअखेर साल्सबरीत आपल्या घराबाहेर मारला गेला. ऑगस्टमध्ये इन्कोमो येथील लष्करी छावणीतला दारूगोळा उडाला. डिसेंबरात सत्ताधारी पक्षाच्या मुख्य कचेरीवर बाँब फुटून सात माणसे ठार झाली. पंतप्रधानाच्या व्यक्तिगत सुरक्षिततेचा अधिकारीच प्रिटोरियाचा हस्तक असल्याचे आढळले आणि तो पळून गेला. जुने खाते जसेच्या तसे घेण्याची किंमत नव्या राज्याने अशी पहिल्या दोन वर्षांतच मोजली.

दुसरी किंमत दुसऱ्या एका हेरप्रमुखाने मोजली. एन्कोमोच्या झापू पक्षाचे गुप्तवार्ता खाते युद्धकाळात डुमिसो डाबेंग्वा याने चालवले होते. 1939 साली बुलावायोत जन्मलेला आणि मॉस्कोत शिकलेला हा शांत मनुष्य फ्लॉवरच्या खात्याचा सर्वांत कसलेला प्रतिस्पर्धी. स्वातंत्र्यासाठी ज्याने हेरगिरी केली त्याला नव्या राज्यात काय मिळाले? 1982 च्या फेब्रुवारीत झापूच्या मालमत्तांवर शस्त्रसाठे सापडल्याचे जाहीर झाले, एन्कोमो मंत्रिमंडळातून निघाला, आणि मार्चमध्ये डाबेंग्वा व सेनापती लुकआउट मासुकू यांना अटक झाली. राजद्रोहाचा खटला 1983 मध्ये उभा राहिला. युद्धात मिळालेल्या मदतीबद्दल केजीबीचा प्रमुख आंद्रोपोव याला डाबेंग्वाने लिहिलेले पत्र पुराव्यात आले. न्यायाधीशाने त्याला निर्दोष सोडले, आणि न्यायालयाबाहेर पाऊल टाकताच आणीबाणीच्या हुकुमाखाली त्याला पुन्हा पकडण्यात आले. त्याची सुटका 1986 च्या डिसेंबरात झाली. मासुकू त्याच वर्षीच्या एप्रिलात, सुटकेनंतर थोड्याच दिवसांत, मृत्यू पावला. गोऱ्या राजवटीच्या हेरप्रमुखाला सन्मानाची सेवानिवृत्ती मिळाली आणि मुक्तिलढ्याच्या हेरप्रमुखाला चार वर्षांहून अधिक काळ विनाशाबितीची कैद. या वस्तुस्थितीने माझे मन आजही अस्वस्थ होते. डाबेंग्वा पुढे गृहमंत्री झाला, मुगाबेपासून दुरावला, आणि 2019 च्या मे महिन्यात, भारतात उपचार घेऊन मायदेशी परतत असता, नैरोबीत त्याचे निधन झाले.

फ्लॉवरचा ग्रंथ ‘सर्व्हिंग सीक्रेटली’ 1987 साली प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी तो वारला. डायऱ्यांवर आधारलेला हा ग्रंथ संयमाने लिहिलेला आहे, पुष्कळ गोष्टींत स्पष्टवक्ता आहे, आणि अभ्यासकाने तो वाचलाच पाहिजे. त्यातून उभा राहणारा माणूस लोभी नाही, क्रूरतेत रमणारा नाही, आपल्या धन्यांहून अधिक दूरदृष्टीचा आहे. मात्र त्याने आपली दूरदृष्टी केवळ अहवालांत खर्च केली. फील्ड, स्मिथ, मुझोरेवा, सोम्स आणि मुगाबे या पाचही धन्यांपैकी एकालाही त्याने ‘हे मी करणार नाही’ असे म्हटल्याचे दिसत नाही. ट्रेडगोल्डने जे 1960 मध्ये म्हटले आणि अँडरसनने 1964 मध्ये, ते म्हणण्याची संधी फ्लॉवरला सतरा वर्षे दररोज होती. म्हणून त्याच्या बुद्धीला आदर देऊनही त्याच्या कारकिर्दीला निर्दोष म्हणता येत नाही, आणि हिशेब न मागता त्याला कायम करणाऱ्या मुगाबेलाही त्या दोषातून वगळता येत नाही.

फ्लॉवरच्या निवृत्तीनंतर, 1983 च्या जानेवारीत, उत्तर कोरियाच्या शिक्षकांनी तयार केलेली पाचवी ब्रिगेड झापूचा बालेकिल्ला असलेल्या माटाबेलेलँडमध्ये उतरली. पुढे खेड्यांतून लोकांना वेचून भालाग्वेच्या छावणीत जबाब घेण्याचे काम हेरखात्याचे अधिकारीही करीत होते. त्या वर्षांत मेलेल्यांची संख्या हजारांत आहे, आणि वीस हजारांपर्यंतचे अंदाज केले गेले आहेत. मोझांबिकमध्ये रेनामोने पेटवलेल्या युद्धात सुमारे दहा लाख माणसे बळी पडली. ते विझवण्यासाठी खुद्द झिंबाब्वेला आपले सैन्य धाडावे लागले, आणि 4 ऑक्टोबर 1992 रोजी रोममध्ये तह झाला तेव्हा ते थांबले. स्मिथने 1965 च्या नोव्हेंबरात पुकारलेली आणीबाणी मुगाबेच्या सरकारने मुदतीमागून मुदत वाढवत 1990 च्या जुलैपर्यंत चालू ठेवली. ज्या कायद्याच्या निषेधार्थ ट्रेडगोल्डने राजीनामा दिला तो 2002 पर्यंत अंमलात होता. फ्लॉवरने उभारलेले खाते सेंट्रल इंटेलिजन्स ऑर्गनायझेशन या त्याच नावाने हरारेत आजही चालू आहे.